अशक्त मुलांसाठी उघड्यावरचा वर्ग: जागा, वजन, खाणं, विश्रांती

झाडाखाली वर्ग भरवायला फळा आणि सतरंजी पुरते. त्या वर्गातल्या किरकोळ प्रकृतीच्या मुलांनी अंग धरावं असं वाटत असेल, तर वजनकाटा, पातेलं आणि अंथरूणही लागतं. १९०४ साली बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्ग शहराने ग्रुनेवाल्डच्या रानात वनशाळा काढली, तिचं वेळापत्रक पाहिलं की हे ध्यानात येतं. शाळा-निरीक्षक हेरमान नॉयफर्ट आणि बालरोगतज्ज्ञ बेर्नहार्ड बेंडिक्स यांनी तिथे तास पंचवीस-तीस मिनिटांचे ठेवले. शिकवणं दिवसाकाठी जेमतेम दोन-अडीच तास, खाणंपिणं पाच वेळा आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तास पडून राहायचं. लंडनने १९०७ मध्ये बोस्टल वूडला आणि अमेरिकेत प्रॉव्हिडन्सने १९०८ मध्ये तोच कित्ता गिरवला. मुलांची वजनं वाढली. त्यातलं श्रेय हवेचं किती आणि दुधाचं किती, हे वेगळं काढणं अवघडच.

आपल्याकडे असा वर्ग नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात नीट चालतो. मुलं वीसच्या आत असावीत.

निवड करताना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या तपासणी नोंदी आधी काढाव्यात. हिमोग्लोबिनची तपासणी झाली असेल तर ५ ते ११ वर्षांच्या मुलात डेसिलिटरला ११.५ ग्रॅमच्या खालचा आकडा म्हणजे रक्तक्षय. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप असलेलं, किंवा वजन घटत चाललेलं मूल आधी क्षयाच्या तपासणीला पाठवावं. शार्लोटेनबुर्गमध्येही उघडा, म्हणजे खोकल्यातून जंतू पसरवणारा, क्षय असलेलं मूल घेत नसत. दम्याच्या मुलाचा पंप शिक्षकाच्या हाताशी हवा, कुलपातल्या कपाटात नको. गडचिरोली, नंदुरबार, पालघर या भागांत सिकलसेलची (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) चौकशी केल्याशिवाय वर्ग बाहेर काढूच नये. गारठा, अपुरं पाणी आणि दमणूक यांनी सिकलसेलच्या मुलाला वेदनांचा झटका येतो. ज्या थंड हवेने इतर मुलं तरतरीत होतात, तीच त्याला दवाखान्यात नेते. अशा मुलाने ऊन चढल्यावरच बाहेर यावं, गरम कपडे घालावेत आणि त्याची पाण्याची बाटली शिक्षकाने रोज पाहावी.

जागा ठरवण्याआधी एक दिवस सकाळी ८, ११ आणि २ वाजता सावलीच्या कडेला खडूने किंवा राखेने रेघ मारावी. तिन्ही वेळी सावलीत राहणारा तुकडाच आपला. कडुनिंब, आंबा चांगले. वडा-पिंपळावर आग्या मोहोळ आहे का ते वर मान करून पाहावं. असलं तर ती जागा सोडावी, धूर करण्याचा उपद्व्याप करू नये. शेवग्यावर केसाळ सुरवंट होतात, त्याखाली बसवू नये. पोषण आहाराची चूल वारा येतो त्या बाजूला आली तर मुलं दिवसभर धूर ओढतात आणि मग उघडी हवा नावालाच उरते. कचरा जाळण्याची जागा आणि मातीचा रस्ता यांचंही तेच.

फळा झाडाच्या खोडाला टेकवू नका, शाळेच्या भिंतीला लावा. मागे भिंत असली की आवाज पुढे जातो. उघड्यावर तो विरतो आणि शिक्षकाचा घसा आठवड्यात बसतो. मुलं अर्धवर्तुळात, शेवटचं मूल सहा मीटरच्या आत, सगळ्यांची पाठ उन्हाकडे. फळ्यावर ऊन पडलं की अक्षरं दिसत नाहीत आणि मुलं डोळे बारीक करून बसतात. सावलीतला उजेडही वर्गखोलीतल्यापेक्षा कित्येक पट जास्त असतो. लांबचं न दिसण्याचा चष्मा पुढे ढकलायला तो उपयोगी पडतो, हा वरकड फायदा.

सगळ्यात जास्त चुका वजनात होतात. सहा ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण दोन-तीन किलो वाढतं, म्हणजे महिन्याला दोन-अडीचशे ग्रॅम. पोटातलं जेवण आणि पाणी मात्र अर्ध्या किलोचा फरक सहज दाखवतं. म्हणून दर आठवड्याच्या आकड्यावर खूश होऊ नये आणि घाबरूही नये. काटा एकच, तो फरशीवर ठेवलेला, वार ठरलेला, वेळ सकाळी खाण्याआधीची, लघवी करून आल्यावर, स्वेटर आणि चपला काढून. दर वेळी सीलबंद दहा किलोची तांदळाची पिशवी ठेवून काटा पडताळावा. पंधरा दिवसांनी वजन, तीन महिन्यांनी उंची, आणि आकडे आलेखावर. पाहायची ती रेघेची चढण.

खाण्याचं गणित सोपं आहे. शालेय पोषण आहारातून पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. अशक्त मूल ताटातलं निम्मं टाकतं, कारण एका बैठकीत त्याला तेवढं जात नाही. म्हणून दहा वाजता तीस ग्रॅमचा लाडू द्यावा: वीस ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट, दहा ग्रॅम गूळ. साधारण १५० किलोकॅलरी होतात. खवट किंवा बुरशी लागलेले दाणे निवडून फेकावेत, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते पालकांना आधी विचारावं. खिचडी पातळ करून पातेलं भरलेलं दाखवण्याची सवय मोडावी. वरून चमचाभर तेल घातलं तर ४५ किलोकॅलरी वाढतात. जेवणाबरोबर चहा नको, लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळावं. आठवड्याची लोहाची गोळी जेवणानंतर द्यावी. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या मुलाला डॉक्टरांना विचारूनच.

विश्रांती हा शिक्षकांना सगळ्यात नकोसा वाटणारा भाग. जेवणानंतर तासभर आडवं पडायचं, बोलायचं नाही, पाढे नाहीत, गोष्टीचं पुस्तकही नाही. झोप लागली नाही तरी चालेल. जमिनीचा गारवा खालून अंगात शिरतो, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवं: रिकामी पोती, वर चटई, वर गोधडी. अंथरुणं आठवड्यातून दोनदा कडक उन्हात टाकावीत, आणि प्रत्येकाची वेगळी, नाव घालून. नाहीतर उवा आणि खरूज वर्गभर पसरते.

दोन महिने लाडू आणि झोप मिळूनही रेघ आडवीच राहिली, तर वर्ग चालू ठेवून मूल पुन्हा डॉक्टरांना दाखवावं. त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये खरंच पोटात गेली का, आणि शाळेत दोनदा खातं म्हणून घरी रात्रीची भाकरी कमी तर झाली नाही ना.