पॅडलबोर्ड माळ्यावर टाकण्याआधी: मुंबईत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

ऑक्टोबरात माळ्यावरून बॅग खाली काढली, चेन उघडली आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "सुकट कोणी आणली गं?" सुकट कोणीच आणली नव्हती. मे महिन्यात खाडीतून आल्यावर मी माझा पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायचा, हवा भरून फुगवायचा बोर्ड, ओलाच गुंडाळून वर टाकला होता. डेकच्या (उभं राहायच्या वरच्या बाजूच्या) फोमवर काळे ठिपके, व्हॉल्व्हच्या पिनेभोवती मिठाचा पांढरा थर, आणि फिनच्या (बोर्डाखालच्या पंखाच्या) खाचेत वाळू अशी घट्ट बसलेली की चमच्याच्या दांड्यानं उकरावी लागली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. मुंबईत बोर्डाचं जे काही वाटोळं होतं, ते पाण्यात कमी आणि पाण्याबाहेर आल्यानंतरच्या अर्ध्या तासात जास्त होतं. बाकीची कसर पावसाळ्याचे चार महिने भरून काढतात.

ओला बोर्ड गुंडाळणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि कारण सगळ्यांचं एकच: घरी जायची घाई. किनाऱ्यावर गोडं पाणी नसतं, लगेज डब्यात जागा मिळवायची असते, म्हणून "घरी गेल्यावर बघू." घरी गेल्यावर कोणी बघत नाही.

दोन बादल्या गोडं पाणी पुरतं. सोसायटीच्या पाइपवरून सेक्रेटरींशी वाद घालायची गरज नाही. बोर्ड फुगलेला असतानाच, व्हॉल्व्हचं झाकण लावून धुवायचा. हवा सोडून धुतला तर पाणी आत जायची भीती. डेकच्या खोबणी, फिनची खाच, कॅरी हँडलची खालची बाजू, लीशची (पायाला बांधायच्या दोरीची) कडी या जागा हातानं चोळायच्या, कारण मीठ तिथेच बसतं. मग जुन्या बनियननं पुसायचा आणि सावलीत उभा करायचा. जुलैत चादर दोन दिवस दमट राहते त्या शहरात पंख्याखाली एक रात्र ठेवणं म्हणजे काही फार लाड नव्हेत.

बुरशी आलीच असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून मऊ ब्रशनं घासा. ब्लीच नको, थिनर तर अजिबात नको. पीव्हीसीचं आणि जोडावरच्या गोंदाचं दोन्हीचं नुकसान होतं. आणि गाडीच्या टायरला चमक आणणारं पॉलिश डेकवर फासणारे महाभागही मी पाहिलेत. बोर्ड झकास दिसतो, पाय मात्र ठरत नाही.

साडेदहा फुटी बोर्ड दहा बाय दहाच्या खोलीत फुगवून ठेवायचा सल्ला मी देणार नाही. पण गुंडाळायचा तर सैल गुंडाळा, दर वेळी घडी त्याच जागी पडू देऊ नका, वर गाद्या रचू नका. उंदरांचा विचार तुमचा तुम्ही करा.

उन्हाचं गणित

पहाटे वाळूवर बोर्ड १५ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) भरला, दोन फेऱ्या मारल्या आणि वडापाव खायला गेलो. बोर्ड उन्हात. यात काय बिघडलं? बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. २५ अंशांना १५ पीएसआय भरलेली हवा ५५ अंशांपर्यंत तापली तर दाब साधारण १८ वर जातो. पुष्कळ बोर्डांना १५ हीच वरची मर्यादा असते (आकडा व्हॉल्व्हजवळ छापलेला असतो, एकदा वाचाच). एका दिवसात बोर्ड फुटत नाही, पण कडेचा जोड थोडाथोडा सुटत जातो आणि पुढच्या हंगामात आपण कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. पाण्यावर असताना खालून गारवा मिळतो, तेव्हा तितकी काळजी नाही. वाळूवर ठेवायचा तर सावलीत, नाहीतर दोन-तीन पीएसआय हवा सोडून.

याच्या उलट कमी हवा भरणारेही असतात. आठ-नऊला दम लागतो, म्हणून पंप थांबवतात. मग बोर्ड मधोमध वाकतो, तोल जातो, आणि दोष मात्र आपल्या वजनाला.

नव्या माणसाला दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली: सुरुवातीला कितीही पंप मारला तरी पंपावरचा दाबाचा काटा हलत नाही. पंप बिघडलेला नसतो, बोर्ड आकाराला येईपर्यंत दाब तयारच होत नाही. पुढे जड जायला लागलं की दुहेरी पंपाचं छोटं बूच काढा, म्हणजे तो फक्त खाली दाबतानाच हवा भरेल आणि दंड वाचतील. दुसरी: नळी काढताच सगळी हवा फुस्स. पिन खाली अडकलेली असते. पिन वर आलेली म्हणजे व्हॉल्व्ह बंद, दाबून फिरवलेली म्हणजे उघडा. भरण्याआधी बोटानं बघायची सवय लावा. पेट्रोल पंपावरच्या हवेचा मोह मात्र आवरा. ती यंत्रं तीस-पस्तीस पीएसआयच्या टायरांसाठी असतात.

पंक्चर काढायची घाई

एकदा बोर्ड तासाभरात नरम पडायला लागला. मी तो थेट नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेला. त्यानं मनापासून काम केलं: घासलं, सोल्यूशन लावलं, रबरी ठिगळ चिकटवलं, वर हातोडीनं ठोकलंसुद्धा. घरी चार पीएसआयला ठिगळ पापडासारखं उचललं गेलं. चूक त्याची नाही. ते सोल्यूशन रबरासाठी असतं, बोर्ड पीव्हीसीचा.

खरी गंमत पुढे. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात फेसून व्हॉल्व्हवर ओतलं, तर बुडबुडे तिथूनच. पंक्चर नव्हतंच! पिनेखालच्या रबरी चकतीवर वाळूचा एक कण बसला होता. पंपाची हवा एकदा जोरात मारली, कण उडाला, गळती बंद.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी व्हॉल्व्ह, मग कडेचे जोड, शेवटी पृष्ठभाग. बुडबुडे व्हॉल्व्हच्या कडेनं येत असतील तर किटमधल्या पान्यानं तो थोडा आवळा. पूर्ण काढायचा असेल तर सगळी हवा सोडूनच, नाहीतर तो गोळीसारखा तोंडावर येईल. छिद्र खरंच असेल तर पीव्हीसीचं ठिगळ कोपरे गोल कापून घ्या, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, दोन्ही बाजूंना पीव्हीसी गोंदाचे पातळ हात द्या, गोंद हाताला जेमतेम चिकटेल इतका सुकल्यावर दाबून बसवा. मग २४ तास पंपाला हात लावायचा नाही. झटपट चिकटणारे गोंद वाळून कडक होतात आणि बोर्ड वाकला की तडकतात.

कडक बोर्ड असेल तर

न फुगवायच्या कडक बोर्डाच्या आत थर्माकोलसारखा ईपीएस फोम असतो. वरच्या कवचाला टवका उडाला की तो पाणी पितो, म्हणून त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरू नका. कोळीवाड्यात होड्यांना फायबर मारणारे कारागीर असतात, हात तयार असतो, पण डब्यात बहुधा पॉलिस्टर रेझिन. ते ईपीएसला लागलं की फोम विरघळतो. इपॉक्सीच हवं हे आधी सांगा, आणि बोर्ड आतून पूर्ण वाळल्याशिवाय भोक बुजवू देऊ नका.

टवके उडतात कुठे? आपल्या किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर, जिथे कालवं ब्लेडसारखी चिकटलेली असतात. भरतीला जिथून मऊ वाळूवरून निघालो, तिथेच ओहोटीला परतताना दगड वाट बघत असतात. निघताना पाणी गुडघ्यापर्यंत येईपर्यंत बोर्ड उचलून न्या, परतताना तितक्याच पाण्यात उतरा.

जोडाचं पॅडल (वल्हं) प्रत्येक वेळी सुटं करून धुवा. मिठानं आणि वाळूनं नळ्या एकमेकींत आवळल्या की दोन माणसांनाही सुटत नाहीत. तेल घालू नका, त्याला वाळू आणखी चिकटते. कोमट पाणी ओतत, फिरवत फिरवत ओढा.

आणि हंगाम सुरू करण्याआधी एका रात्री सोफा सरकवून हॉलमध्ये बोर्ड तिरपा फुगवून ठेवा. सकाळी काटा अर्ध्या-एका पीएसआयनं उतरला असेल तर ते पहाटेच्या गारव्याचं काम. चार-पाचनं उतरला असेल तर साबणाचं पाणी घ्या.