अरबीची पदवी घ्यायची असेल तर

प्रवेश घेण्याआधी सगळ्या वर्षांचे वेळापत्रक मागून घ्या आणि त्यात भाषेच्या तासिका किती आहेत ते मोजा. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी अरबीला सुमारे २२०० तासिका धरते. आठवड्याला ८ तास, वर्षाला ३० आठवडे आणि ३ वर्षे धरली तर जेमतेम ७२० भरतात. उरलेली मेहनत घरची. आठवड्याला चारच तासिका असतील तर दुसरा अभ्यासक्रम शोधा.

लिपी अवघड नाही. अक्षरे २८, लिहायची उजवीकडून डावीकडे. अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय आणि वाव ही सहा पुढच्या अक्षराला जोडत नाहीत, एवढे हाताला वळण लागले की लिहिणे सुटते. मात्र उच्चार देवनागरीत टिपायची सवय तिसऱ्या आठवड्यातच मोडा. साहेब, सलाम आणि वारस हे तिन्ही शब्द अरबीतून आले. आपण तिन्हीकडे एकच ‘स’ लिहितो, मुळात ती तीन वेगळी अक्षरे आहेत. ‘हिशेब’ आणि ‘हवा’ यांतला ‘ह’सुद्धा एक नव्हे. वहीत हा भेद पुसला गेला की शब्दकोशात शब्द सापडत नाही. रोज पंधरा मिनिटे श्रुतलेखन करा.

खरा अभ्यास धातूंचा, आणि तिथे घाई नको. धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. क-त-ब म्हणजे लिहिणे. त्यावरून किताब, कातिब (लिहिणारा), मक्तब (कार्यालय), मक्तबा (ग्रंथालय). हान्स वेर यांचा प्रसिद्ध अरबी कोश धातूंनुसार लावलेला आहे, म्हणून ‘मक्तबा’ म-खाली शोधणारा हात हलवत परत येतो. दुबळ्या अक्षरांचे (व, य यांसारखी रूपात लपणारी) धातू जास्त फसवतात: ‘क़ाला’ म्हणजे ‘तो म्हणाला’, पण शोधायचे क़-व-ल खाली. तो लपलेला ‘व’ आपल्या ‘कौल’ शब्दात अजून ऐकू येतो. एकाच धातूपासून क्रियापदे घडवणारे नेहमीचे दहा साचे पहिल्या वर्षातच तोंडपाठ हवेत. नाम पाठ करताना अनेकवचन सोबत घ्या, कारण ते आतून बदलते: किताब–कुतुब, खबर–अखबार.

दुसरी सेमिटिक, म्हणजे अरबीच्याच कुळातली, भाषा दुसऱ्या वर्षी घ्या. हिब्रू किंवा सिरियाक (पूर्वेकडच्या ख्रिस्ती ग्रंथांची जुनी भाषा) बरी. दोन्हींत २२ अक्षरे. ध्वनींचे नाते आधी मांडून ठेवा: अरबी ‘थ’ तिथे हिब्रूत ‘श’, सिरियाकमध्ये ‘त’. तीनला थलाथा, शालोश, त्लाता. लसणाला थूम, शूम, तूमा. मात्र अर्थ गृहीत धरू नका. अरबी ‘लह्म’ म्हणजे मांस, हिब्रू ‘लेहेम’ म्हणजे भाकरी. दोन्ही भाषा एकाच सत्रात सुरू केल्या तर असले शब्द कायमचे गुंततात. प्राचीन मेसोपोटेमियाची अक्कादी कीलाक्षरांत (खिळ्यांच्या आकाराच्या लिपीत) आहे, तर इथिओपियाच्या जुन्या गीझ भाषेच्या २६ अक्षरांची प्रत्येकी सात रूपे. या तिसऱ्या वर्षासाठी ठेवा.

बोलीचा निर्णय परदेशातल्या सत्राआधी घ्या, आणि एकच निवडा. ‘मला हवे’ला प्रमाण अरबीत ‘उरीदु’, कैरोत पुरुष ‘आयिज़’ म्हणतो, दमास्कसकडे ‘बिद्दी’. कैरोला जाणार असाल तर निघण्याआधी तीन महिने मिस्री बोली रोज ऐका. नुसत्या प्रमाण अरबीवर बातमीपत्र कळते, पण बाजारातले बोलणे कानावरून जाते.