लँडलाइनवर नेट चालवताय? आधी तो स्प्लिटर बघा

ज्यांच्या गल्लीत फायबर अजून आलेलं नाही आणि नेट फोनच्या तांब्याच्या तारेवरच चालतं त्यांच्यासाठी लिहितोय. नेट सारखं तुटतं म्हणून लोक मोडेम बदलतात, पण खरी भानगड बऱ्याचदा घरातल्या वायरिंगमध्येच असते.

एकाच तारेवर फोन आणि नेट कसं काय चालतं? बोलणं साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतच असतं, त्याच्या वर तार रिकामीच पडलेली असते. एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट देण्याची पद्धत, ती वरची जागा वापरतं, साधारण २५ ते १३८ किलोहर्ट्झ अपलोडला आणि तिथून पुढं ११०० पर्यंत डाउनलोडला, त्याचीच पुढची आवृत्ती एडीएसएल२+ असेल तर २२०० पर्यंत. अपलोडला जागाच कमी म्हणून मोठा फोटो पाठवताना एवढा वेळ लागतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हे सिग्नल वेगळे करून नेट डीस्लॅम नावाच्या मशीनकडं आणि फोन फोनकडं पाठवतात. घरात तेच काम ती छोटी डबी करते, स्प्लिटर.

आता जोडणी. बाहेरून येणारी तार रोझेटमधून (भिंतीवरची फोनची डबी) थेट स्प्लिटरच्या लाइन भोकात, मग एका भोकातून फोन, दुसऱ्यातून मोडेम, बास. स्प्लिटरच्या आधी कुठंही पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाइनवर जोडलेला दुसरा फोन, नको. आमच्याकडं माळ्यावरच्या खोलीत एक जुना पॅरलल फोन होता, कोणी वापरत नव्हतं म्हणून आठवणच नव्हती, आणि रिंग आली की नेट गायब, सहा महिने मी मोडेमला शिव्या घालत होतो :) दुसरा फोन हवाच असेल तर तो स्प्लिटरच्या फोनवाल्या बाजूनं घ्या.

तरी तुटतंय? आधी फोन कानाला लावा. खरखर येत असेल तर सेटिंगमध्ये शिरूच नका, तार किंवा जॉइंट खराब आहे, पावसाळ्यात डीपीत (फोनच्या तारा जिथून घरोघरी वाटतात तो बाहेरचा डबा) पाणी गेलं की हे हमखास होतं. आवाज स्वच्छ असेल तर सगळं काढून मोडेम एकटा रोझेटला लावून तासभर बघा. तेव्हा टिकलं तर दोष घरात, नाही टिकलं तर बाहेर किंवा मोडेममध्ये. कधी कधी जोडीतली एक तार तुटलेली असते, फोन मुका पण नेट मात्र रडतखडत चालू, असंही होतं, चक्रावून जाऊ नका.

डीएसएलचा दिवा स्थिर आहे पण इंटरनेटचा लागत नाही, म्हणजे तार ठीक आहे, लॉगिन किंवा सेटिंग बघा. ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ टाकलं की मोडेमचं पान उघडतं. तिथं लाइनचे दोन आकडे भरावे लागतात, बीएसएनएलला व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५, मोडेम रिसेट केला की हे आकडे जातात आणि मग लोक घाबरतात. त्याच पानावर एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर आहे ते, दिसतं, ते ६ डेसिबलच्या खाली गेलं की लाइन तुटणार हे धरूनच चाला. अ‍ॅटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती कमी होतो ते, पण तिथंच असतं, ते जितकं जास्त तितकं एक्स्चेंज लांब, ५०-६० असेल तर मोडेम कितीही भारी आणा, स्पीड मिळत नाही. लाइनमनला हे दोन आकडे सांगा, नुसतं नेट स्लो आहे म्हटलं की तो मोडेम बंद-चालू करून निघून जातो.

आणि विजा चमकायला लागल्या की नुसता स्विच बंद करून भागत नाही, फोनची वायरपण मोडेममधून काढा, आमचा मागचा मोडेम वळवाच्या पावसात तिथूनच गेला.