करंडकानंतरचा पहिला प्रयोग

स्पर्धेची एकांकिका एका दिवसासाठी बांधलेली असते. वीस-पंचवीस मुलं, तालमीला कॉलेजचा फुकट हॉल, कुणाच्या तरी घरून आणलेलं टेबल. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, 1963 पासून हेच बळ मुलांना देत आला आहे आणि तिथे लागलेली तालमीची शिस्त जन्मभर पुरते. पण नाटक करत राहायचं असेल तर तेच नाटक दहाव्यांदा उभं करता आलं पाहिजे. त्याची तयारी संहिता निवडतानाच सुरू होते.

चार-पाच नट आणि एका छोट्या टेम्पोत मावेल एवढं नेपथ्य. हिशेब करून बघा. समजा शंभर खुर्च्यांची जागा, तिकीट 200 रुपये, माणसं आली साठ. गल्ला 12,000. त्यात जागेचं भाडं, लाइटवाला, टेम्पो, लेखकाचं मानधन आणि चहा-नाश्ता बसतो का? नेपथ्य आणि कपडे एकदाच होतात, तो खर्च वेगळ्या पानावर लिहा. दोन्ही एकत्र मांडले की पहिल्याच प्रयोगाला मोठा खड्डा दिसतो आणि मंडळी हाय खातात.

लेखकाची परवानगी लेखी घ्या, दर प्रयोगाच्या मानधनाचा आकडा घालून. तोंडी होकारावर उभं केलेलं नाटक नेमकं चालू लागल्यावर अडतं. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता पक्की झाली की लगेच अर्ज करा, तारीख हातात आल्यावर धावपळ नको.

तालमीच्या फरशीवर चिकटपट्टीने खऱ्या रंगमंचाचं माप आखून घ्या, पहिल्या आठवड्यापासून. कॉलेजच्या हॉलमध्ये सहा पावलांत होणारी एक्झिट पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत तीन पावलांत संपते आणि जाता जाता म्हणायचं वाक्य विंगेत विरून जातं.

प्रकाशाचं गणित कुणीतरी एकाने शिकायलाच हवं. 1000 वॅटचा हॅलोजन साधारण साडेचार अँपिअर ओढतो. भिंतीतल्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर तसा एकच चालतो. दुसरा लावलात तर ऐन प्रसंगात फ्यूज उडू शकतो. क्यूशीट, म्हणजे कोणत्या खुणेवर (क्यूवर) कोणता लाइट बदलायचा याची यादी, अशी लिहा: ‘क्यू 14. आई पत्राची शेवटची घडी घालते. डावा स्पॉट पाच सेकंदांत खाली.’ शक्य तिथे क्यू हालचालीवर ठेवा. नट वाक्य विसरतो आणि लाइटवाला त्या वाक्याची वाट बघत बसतो, हे फार वेळा होतं. लाइट चालवणारा शेवटच्या चार-पाच तालमींना हजर हवाच, नुसती रंगीत तालीम त्याला पुरत नाही. ब्लॅकआउटमध्ये ठेच लागू नये म्हणून लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याच्या) कडांना रेडियमची पट्टी लावा.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात किंवा मुंबई विद्यापीठाच्या थिएटर आर्ट्स अकादमीत शिकायला मिळालं तर जरूर जा. तोवर दुसऱ्यांच्या नाटकांना बॅकस्टेज करा. नेपथ्य किती वेळात लागतं, हे तिथेच कळतं.

पुढची तारीख पहिल्या प्रयोगाआधीच ठरवा आणि पडदा पडल्यावर रंगमंचावरूनच जाहीर करा, त्या वेळी प्रेक्षक समोर बसलेला असतो. प्रॉपर्टीची, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंची, यादी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवा. रात्री सगळे दमलेले असताना आईचं पत्र टेबलावरच राहून जातं, ते या यादीमुळे सापडतं.