वानरांच्या केसांचा रंग मोजताय? या चुका टाळा

वानरांचा रंग मोजायचा म्हटलं की आपण कॅमेरा काढतो, दहा-वीस फोटो घेतो, घरी येऊन कॉम्प्युटरवर आकडे काढतो आणि हा कळप गडद, तो फिकट असं ठरवून मोकळे होतो. पण बऱ्याचदा आपण मोजलेला असतो तो त्या वेळचा उजेड, केसांचा रंग नव्हेच.

माझा अनुभव सांगतो. एकच मादी, सकाळी आंब्याखाली बसलेली आणि तासाभराने कौलांवर उन्हात, आणि आकडे एकमेकांपासून इतके लांब की दोन वेगळी वानरं वाटावीत. पानांतून झिरपणारा उजेड हिरवट असतो, राखाडी केसांवर तो लगेच चढतो. त्यात ऑटो व्हाइट बॅलन्स चालू राहिला होता, म्हणजे कॅमेरा प्रत्येक फोटोत स्वतःच्या मनाने रंग बदलत होता. तो आधी बंद करा. फोटो रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलमध्येच घ्या, जेपीईजी मध्ये कॅमेऱ्याने आधीच ढवळाढवळ केलेली असते आणि ती नंतर निस्तरता येत नाही.

आता ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड, ज्याच्याशी ताडून फोटोतला रंग दुरुस्त करता येतो. वानराशेजारी जाऊन ग्रे कार्ड धरता येत नाही, म्हणून लोक ते सोडूनच देतात, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वानराचा फोटो घ्या, ते आपणहून उठून गेलं की लगेच त्याच जागी त्याच कोनात कार्ड ठेवून, सेटिंगला हात न लावता दुसरा फोटो घ्या. इथिओपियातल्या जेलाडा माकडांच्या छातीवरच्या लाल चट्ट्यासाठी बर्गमन आणि बीनर या संशोधकांनी 2008 मध्ये अशीच पद्धत तपासून मांडली. मधे ढग आला तर ती जोडी बाद, मन घट्ट करून डिलीट करा. आणि कार्ड घरच्या प्रिंटरवर छापू नका, त्या राखाडीचा काही भरवसा नसतो.

बाकी, पावसात भिजलेले केस गडद दिसतात, कोकणात तांबडी माती अंगाला बसते, ते सगळं वहीत लिहा. पिल्लं जन्मतः काळपट असतात आणि काही महिन्यांत राखाडी होतात, त्यांना मोठ्यांच्या सरासरीत घालू नका. पाठ मोजायची तर सगळ्यांची पाठच, एकाची पाठ आणि दुसऱ्याची मांडी असं नको. आणि एका पिक्सेलवर क्लिक करून आकडा घेऊ नका, चांगला मोठा गोल आखून सरासरी काढा, एकेका केसाचा रंग बुडाशी वेगळा टोकाला वेगळा असू शकतो.

एवढी काटेकोरी कशाला असं विचारतात, तर माकडांच्या वर्गीकरणाचे अभ्यासक कॉलिन ग्रोव्हज यांनी 2001 मध्ये हनुमान वानराच्या सात जाती मानल्या, त्यात अंगाच्या आणि हातापायांच्या रंगाचा मोठा आधार होता. गोव्याकडचं काळ्या पायांचं वानर आणि पठारावरचं फिकट वानर यांत खरा फरक किती, हे सावलीत काढलेल्या फोटोंवरून कुणी ठरवू नये असं मला मनापासून वाटतं. आणि मनातला अंदाज आकड्यांत उतरू नये म्हणून आकडे काढणाऱ्याला फोटो कुठल्या कळपाचा ते सांगू नका, फाईलला नुसता नंबर द्या.