सामुदायिक रेडिओवर गावच्या प्रश्नाची चर्चा कशी घडवावी

चर्चेचा विषय ठरवताना ‘पाणीप्रश्न’ असा ऐसपैस मथळा कधीही घेऊ नये. माण तालुक्यातील म्हसवडचे माणदेशी तरंग किंवा जत तालुक्यातील जालिहाळचे येरळावाणी ही केंद्रे ज्या अवर्षणप्रवण पट्ट्यात चालतात, तेथे पाण्यावर कोणालाही तासभर बोलता येते आणि तरीही हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी ‘वरच्या वाडीच्या नळाला आठवड्यातून किती दिवस आणि किती वेळ पाणी येते’ एवढाच प्रश्न घ्यावा. जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरवलेले असल्यामुळे श्रोत्यांनी सांगितलेला हंड्यांचा हिशेब त्या आकड्याशी लगेच ताडून पाहता येतो.

नियम आधी समजून घ्यावेत. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करण्यास मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या मात्र आहेत तशा पुनःप्रक्षेपित करता येतात. प्रसारलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितल्यानंतरही ही मनाई टिकून आहे, हे मला तरी विसंगत वाटते. पण परवानगी त्याच अटींवर मिळते. म्हणून चर्चा सेवेभोवती ठेवावी, पक्षांच्या भांडणात नेऊ नये.

कार्यक्रमाआधी सकाळी नळावर जाऊन पाणी भरणाऱ्या बायकांचे ध्वनिमुद्रण करावे. स्टुडिओत यायला बिचकणारी बाई आपल्या नळापाशी मोकळेपणाने बोलते, आणि भांड्यांच्या आवाजासह तिचे मिनिटभराचे बोलणे पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्यासमोर ऐकवले की निवेदकाला वेगळी प्रस्तावना करावी लागत नाही. पाहुण्यांना विषय आधी लेखी कळवावा, म्हणजे ते कागदपत्रे घेऊन येतील; नेमके प्रश्न मात्र देऊ नयेत, कारण मग तयार निवेदन वाचून दाखवले जाते.

फोन थेट प्रसारणात घेऊ नये. सहकाऱ्याने आधी तो उचलून नाव, गाव आणि तक्रार एका वाक्यात विचारून घ्यावी आणि जवळचा रेडिओ बंद करायला सांगावे. नाहीतर आवाज घुमून शिट्टी वाजू लागते. एखाद्याने अमुक कर्मचारी पैसे खातो असे नाव घेऊन म्हटले, तर ‘त्यांची बाजू मांडायला ते येथे नाहीत, आपण काम कुठे अडले ते सांगा’ असे म्हणून लगेच थांबवावे. संकोचून गप्प बसणारा निवेदक केंद्राला बदनामीच्या दाव्यात ओढतो. प्रत्येक फोननंतर अधिकाऱ्याचे लांबलचक उत्तर घेण्यापेक्षा दोन-तीन तक्रारी एकत्र करून विचारणे बरे, कारण वाडीनिहाय फरक त्यातच उघड होतो.

सर्वांत जास्त कस लागतो तो ‘प्रस्ताव प्रक्रियेत आहे’ या उत्तरापाशी. तेथे चिडू नये आणि हसूही नये. प्रस्ताव कोणत्या कार्यालयात आहे, पुढची सही कोणाची आणि ती कधीपर्यंत अपेक्षित आहे, हे तीन प्रश्न सौम्यपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारावेत. मिळालेली तारीख निवेदकाने स्वतःच्या तोंडून पुन्हा उच्चारावी, पाहुण्याचा होकार ऐकू येऊ द्यावा आणि पुढच्या भागाची सुरुवात त्या तारखेपासूनच करावी. काम झाले असेल तर तेही तितक्याच ठळकपणे सांगावे. ही सवय नसली की अधिकारी पुढे निमंत्रण टाळू लागतात.

प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणे परवान्याच्या अटींनुसार बंधनकारक आहेच. तारीख टळली, तर त्यातील आश्वासन शब्दशः उतरवून माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, ज्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते, आणि त्याची प्रत येत्या ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी त्या वाडीतल्या श्रोत्यांकडे द्यावी.