नाशिकमध्ये आजारी मुलांच्या मदतीसाठी कॉमेडी शो कसा करायचा

असा शो करायचा म्हटलं की सगळे आधी कॉमेडियन शोधायला लागतात, पण माझं म्हणणं असं की पहिल्यांदा हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा आणि पैसे नक्की कुठे अडतायत ते विचारा. बऱ्याच ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो, शिवाय धर्मादाय हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, ते आधी वापरून घ्या. मग उरतं काय तर सुरगाणा-पेठ तालुक्यांतून येणाऱ्या आईबापाचं गाडीभाडं, राहणं-खाणं, बुडालेली मजुरी, बाहेरून आणायची औषधं. थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना तर साधारण दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही वर्षानुवर्षं, आणि या फेऱ्यांनी घर मोडकळीला येतं हो. शो ह्या खर्चासाठी करा, आणि पोस्टरवर तसं स्पष्ट लिहा.

पैसे कुणाच्याही पर्सनल जीपेवर घेऊ नका, अगदी सख्ख्या मित्राच्याही नाही. रजिस्टर्ड ट्रस्ट सोबत घ्या, क्यूआर कोड त्यांच्याच खात्याचा लावा. ट्रस्ट नसेल आणि नुसता मित्रांचा ग्रुप असेल तर गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसमधून पैसे गोळा करायची, कलम ४१ क ची परवानगी काढतात ना, त्याची चौकशी तिथेच जाऊन करा. देणगीची पावती तिकिटापासून वेगळी ठेवा, आणि २००० रुपयांच्या वर रोख दिलं तर देणगीवरची आयकर सूट (जिला ८०जी म्हणतात) मिळत नाही हे देणाऱ्याला आधीच सांगा.

हॉलचं म्हणाल तर पहिल्याच शोला कालिदास कलामंदिरासारखा मोठा हॉल घेऊ नका, मोकळ्या खुर्च्यांसमोर चांगला जोकही फुसका जातो. साईखेडकर नाट्यगृह किंवा कुसुमाग्रज स्मारक बघा. भाडं आणि साऊंड दोन-तीन स्पॉन्सरकडून काढा म्हणजे तिकिटाचे सगळे पैसे मुलांना जातील. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कलाकाराला निदान प्रवासखर्च तरी द्याच. स्किट असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र लागतं, ते वेळेत काढा. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस टाळा.

मदतीचं आवाहन शेवटी ठेवू नका, तेव्हा लोक पार्किंगकडे पळत असतात. मुख्य कॉमेडियनच्या आधी दोन-तीन मिनिटं, तेही डॉक्टर किंवा सोशल वर्करने साध्या भाषेत बोलावं. आजारी मुलाला मात्र स्टेजवर आणायचं नाही, त्याचा फोटो, नावही नको, उद्या शाळेत त्यालाच तोंड द्यायचंय. कलाकारांनाही आधीच सांगून ठेवा की आजार आणि हॉस्पिटलवर जोक नकोत, कारण समोरच्या रांगेत कुणाचं मूल आत्ता ॲडमिट असेल आपल्याला काय माहीत.

आठवड्याभरात हिशोब टाका, किती तिकिटं गेली, देणगी किती आली, खर्च कोणी उचलला. औषधांचे पैसे थेट बिलावर भरायचे, गाडीभाड्याचे तेवढे सोशल वर्करच्या सहीने आईबापाच्या खात्यात टाकायचे, आणि पावत्या कुणीही मागितल्या तर दाखवायच्या.